मावशींची रोजकीर्द

“दोनदा परत आलीय,” निवाऱ्यातली मुलगी म्हणाली, आणि म्हणताना तिचा आवाज आपोआप खाली गेला. आमच्या लहानपणी मिरजेच्या माजघरात ‘परत आलेली’ हे शब्द ज्या पट्टीत उच्चारले जात, नेमकी तीच पट्टी. मुलगी विशीतली, जीन्सवाली, हातांवर मांजरांच्या नखांचे ताजे-शिळे ओरखडे. पण पट्टी काही बदललेली नाही.

पिंजऱ्याच्या कोपऱ्यात एक तिरंगी मांजर आमच्याकडे पाठ करून बसली होती. काळा, केशरी, पांढरा. मानेवरचे केस गेलेले, डाव्या कानाचं टोक सरळ कापलेलं. कान म्हणजे नसबंदीची खूण, आणि तीन रंग म्हणजे बहुधा मादीच, हे त्या मुलीने सांगितलं. केशरी रंग एक्स गुणसूत्रावर असतो म्हणे, काळ्याशेजारी केशरी यायचा तर दोन एक्स लागतात. पिंजऱ्यावर पुठ्ठा लावला होता : ‘एंजल. वय अंदाजे 5. अ‍ॅलर्जी आहे. हात लावू नये.’

आम्ही गेलो होतो पिल्लू आणायला. मुलगी बंगळुरूला गेल्यापासून घर फार शांत झालं होतं आणि तिचंच म्हणणं होतं की आईबाबांनी काहीतरी पाळावं. पुठ्ठा वाचून मी पुढच्या पिंजऱ्याकडे वळले, तोवर ह्यांनी गजातून बोट आत घालून “काय गो?” म्हटलं होतं. तिने मान वळवली, ह्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, बोटावर एक सणसणीत चापट मारली आणि पुन्हा भिंतीकडे तोंड केलं.

“हीच,” हे म्हणाले.

ह्यांची पसंती ही अशी असते. त्यावर जास्त बोलायची माझी सोय नाही.

पुढे कळलं की आमच्या पसंतीला तिथे फारशी किंमत नव्हती. पाहायचा कार्यक्रम आमचा होता. ती ओरखडेवाली मुलगी आणि आणखी एकजण रविवारी ठाण्याच्या घरी आले, पोहे खाल्ले, आणि खिडक्या बघितल्या. चौथा मजला, ग्रिल आहे, पण ग्रिलच्या गजांतून मांजर सहज जातं, तेव्हा जाळी हवी. जाळी बसली. फोटो पाठवले. मग फॉर्म, मग ‘वैद्यकीय खर्च झेपेल का’ हा प्रश्न. बत्तीस वर्षं मी सहकारी बँकेत काढली, त्यातली बरीचशी कॅश काउंटरवर. कर्ज मागायला आलेल्या माणसांना मी कसे प्रश्न ऐकवत असेन ते मला त्या दिवशी समोरच्या बाजूने कळलं.

एंजल हे नाव पहिल्याच रात्री गळून पडलं. वाघाची मावशी म्हणून ह्यांनी तिला ‘मावशी’ म्हटलं, आणि मावशीला ‘ए’ कसं म्हणणार, म्हणून दोन दिवसांत ‘अहो मावशी’ झालं. मी सुरुवातीला हसले. पण तिच्यासमोर एकेरी हाक तोंडातून निघत नाही, हे तिला पाहिलेला कोणीही मान्य करील. ती ह्यांच्या आरामखुर्चीत बसते. हे शेजारच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसतात. कुकरची तिसरी शिट्टी तिला खपत नाही. दोन झाल्या की ती उठून माझ्याकडे अशी बघते, की हल्ली मी डाळ भिजवून ठेवते आणि दोन शिट्ट्यांतच गॅस बंद करते. पाणी वाटीतलं नको, बादलीतलं हवं, आणि बादली काठोकाठ भरलेली हवी. रात्री दहाला टीव्ही बंद. न केल्यास ती टीव्हीसमोर येऊन उभी राहते, आणि मालिकेतल्या सासूचं डोकं तिच्या दोन कानांमधून दिसत राहतं. मांडीवर येणं, कुरवाळून घेणं असले लाड नाहीत. फार प्रसन्न असली तर ह्यांच्या पावलावर एक पंजा ठेवून झोपते, आणि तेवढ्यासाठी हे दीड-दीड तास पाय हलवत नाहीत. माझ्यासाठी पाण्याचा ग्लास आणायला ह्यांचा पाय आजवर कधी हलला नाही, ते जाऊ दे.

सुरुवातीचे काही दिवस नव्या मांजराला एकाच खोलीत ठेवायचं असतं, म्हणजे त्याला घराची भीती बसत नाही. आम्ही मोठं न्हाणीघर दिलं होतं. त्या दिवसांत मी लिफ्टमध्ये ह्यांच्याशी फोनवर बोलत होते : “मावशींनी रात्रभर आरडाओरडा केला ना, म्हणून बाथरूमचं दार बाहेरून लावलंय. तुम्ही उघडू नका. खायला आत सरकवा. आणि शी केली का बघा.” लिफ्टमध्ये पाचव्या मजल्यावरच्या काकू होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी सहज म्हणून आले आणि घरात कोण कोण असतं ते विचारू लागले. चौथ्या दिवशी काकू स्वतः आल्या. हातात मऊ भात, वर मेतकूट-तुपाची वाटी. “माझ्याही सासूबाई शेवटी अंथरुणावर होत्या हो,” त्या दारातच म्हणाल्या, “माणूस कंटाळतं, मी समजू शकते. पण कोंडू नये.” त्यांचे डोळे भरलेले. मी न्हाणीघराचं दार उघडलं. मावशी बाहेर आल्या, भाताचा वास घेतला, काकूंच्या पायावर एक चापट मारली आणि आरामखुर्चीत जाऊन बसल्या.

काकू तेव्हापासून रोज येतात. बऱ्यावाईटाचा सगळा पंचनामा त्यांच्या डोळ्यांसमोर झाला आहे.

आता खाजेकडे येते.

मावशी खाजवायच्या. म्हणजे कसं, की मध्यरात्री आरामखुर्चीचा एक पाय लादीवर ठक-ठक-ठक वाजायचा आणि हे झोपेत म्हणायचे, दार कोण वाजवतंय? मान, कानामागचा भाग, डोळ्यांच्या वर. खाजवून झालं की चाटणं. मांजराच्या जिभेवर मागे वळलेले बारीक काटे असतात; त्या काट्यांनी तिने पोट चाटून चाटून गुळगुळीत केलं होतं, पंढरपुरी चुन्याच्या डबीसारखं. मानेवरून हात फिरवला (फिरवू दिला तर) की बोटांना बारीक बारीक खपल्या लागायच्या.

डॉक्टरीणबाई तरुण आणि धीराच्या. त्यांनी मावशींना पिंजऱ्यातून काढताना हात पुढे केला नाही, पिंजऱ्याचं वरचं झाकणच काढलं. खपल्या चाचपल्या आणि म्हणाल्या, “मिलिअरी डर्मटायटिस.”

“मिलिटरी?” ह्यांनी विचारलं. त्यांच्या आवाजात थोडा अभिमानही होता.

मिलिअरी म्हणजे बाजरीसारख्या धान्याच्या दाण्यांवरून. मला ते एकदम पटलं. बोटांना लागत होतं ते अगदी तेच : परातीत भाकरीचं पीठ मळताना एखादा न दळलेला दाणा लागावा तसं. पण हे नुसतं लक्षणाचं नाव, कारणाचं नाही. कारण शोधायचं तर पहिला संशय पिसवांवर. पिसवा दिसायलाच हव्यात असंही नाही. पिसवेच्या लाळेचं वावडं असलेल्या मांजराला एखादा चावा दिवसचे दिवस पुरतो. म्हणून मानेच्या मागे, जिथे जीभ पोचत नाही तिथे, महिन्याला एक औषधाचा थेंब. दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ त्यांच्या लॅब्रेडॉरचं उरलेलं औषध प्रेमाने घेऊन आले होते, “एकच तर कंपनी आहे, थोडं कमी घाला.” डॉक्टरीणबाईंनी फोनवर जवळजवळ किंचाळूनच नको म्हटलं. कुत्र्यांच्या काही औषधांत पर्मेथ्रिन असतं, ते कुत्र्याला चालतं आणि मांजराचा जीव घेतं. कुत्र्याचे पाय मांजरावर करू नयेत, हे आपल्याला वाक्प्रचारात माहीत असतं. औषधाच्या बाबतीत कुणी शिकवलेलं नसतं. घरातल्या तापाच्या पॅरासिटामॉलचंही तसंच, एक गोळीदेखील मांजराला मारू शकते. मी तो डबा त्याच दिवशी वरच्या फळीवर ठेवला.

तोवर खाज आटोक्यात राहावी म्हणून प्रेडनिसोलोन, गोळीचा पाव भाग. लिहायला केवढं सोपं आहे. पहिल्या दिवशी आम्ही मावशींना जुन्या पंचात गुंडाळलं, अळूवडीचा उंडा वळतात तसं, घट्ट, कडा आत घेऊन. उंड्यातून फक्त डोकं बाहेर. ह्यांनी उंडा धरायचा, मी अंगठा आणि मधल्या बोटाने जबड्याच्या कोपऱ्यांवर दाबून तोंड उघडायचं आणि पाव गोळी जिभेच्या मुळाशी टाकायची, पाठोपाठ सिरिंजने थोडं पाणी, कारण कोरडी गोळी मांजराच्या अन्ननलिकेत अडकून बसते. गोळी गेली. तोंड मिटलं. घसा हलला. आम्ही एकमेकांकडे बघून हसलो. आणि तेवढ्यात मावशींच्या तोंडातून फेस यायला लागला, पांढरा, दुधावरच्या फेसासारखा. हनुवटीवरून ओघळत पंचावर. ह्यांचे हात थरथरायला लागले. “विष बाधला गो तिका,” म्हणून ह्यांनी फोन लावला. काही नव्हतं. कडू लागलं की मांजर तोंडाला असा फेस आणतं. पुढच्या रविवारी सोफा सरकवून झाडताना मला मागे पाच पाव गोळ्या सापडल्या, ओळीने. सहा दिवसांत दिल्या होत्या सहा. पहिल्या दिवसाची तेवढी पोटात गेली होती.

थेंब घालून महिना झाला, दुसरा झाला, पिसवांवरचा संशय फिटला. गोळी थांबवली की बाजरी परत. मग डॉक्टरीणबाईंनी खुर्ची पुढे ओढली. माणसं अशी खुर्ची पुढे ओढतात तेव्हा मला बँकेतले ऑडिटर आठवतात.

“काका, काकू, मला वाटतं हे खाण्यातून आहे. मांजरांत अन्नाची अ‍ॅलर्जी असली तर बहुतेक वेळा गोमांस, मासे नाहीतर कोंबडी यांतलं काहीतरी निघतं.”

ह्यांनी तिन्हींतला एकच शब्द ऐकला.

“मासे?”

हे मालवणचे. लग्न होऊन मी त्या घरात गेले तेव्हा मला बांगडा आणि पेडवा यांतला फरक कळत नव्हता, आणि ही गोष्ट गावात आठवडाभर चवीने सांगितली गेली होती. माणसांवर प्रेम करण्याची त्या घरातली पद्धत एकच : ताटात आणखी एक तुकडी घालायची. नको म्हटलं तर दोन. सासूबाई रागावल्या तर बोलायच्या नाहीत, फक्त तुकडी लहान यायची. अशा घरातल्या माणसाला कोणी सांगतंय, की मांजराला मासा वर्ज्य आहे.

“रक्ताची काही टेस्ट नाही का?” मी विचारलं. भरवशाची नाही, त्या म्हणाल्या. अन्न बदलून बघणं हीच टेस्ट. आठ आठवडे एकच खाणं, त्याशिवाय एक कणसुद्धा नाही. खाज गेली, तर जुनं अन्न पुन्हा द्यायचं. खाज परत आली, की गुन्हेगार सापडला.

ते एकच खाणं म्हणजे हायड्रोलाइज्ड प्रोटीनचे तपकिरी दाणे. किलोचा भाव ऐकून सुरमईने मान खाली घालावी. त्यातलं तत्त्व मात्र मला फार आवडलं. अ‍ॅलर्जी म्हणजे शरीराने एखाद्या प्रथिनाला ओळखून त्याच्याशी मांडलेलं वैर. आणि ते वैर वर्षानुवर्षं मजेत खाल्लेल्या पदार्थाशीही एके दिवशी सुरू होतं. या दाण्यांत प्रथिनाचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की शरीराला ते कोणाचे होते हेच कळत नाही. चिठ्ठी फाडून फाडून कपटे केले की कागद तोच असतो, पण मजकूर वाचता येत नाही, तसं.

मी भिंतीवरच्या कालनिर्णयकडे बघितलं आणि मला एकदम सुचलं. महाराष्ट्रात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. 61 दिवस. आठ आठवडे म्हणजे 56. ताजी मासळी घरात येणार नाही, वास नाही, मोह नाही, वर पाच दिवस शिल्लक. इतका जुळलेला हिशोब मी नोकरीतही क्वचित पाहिला होता. 1 जूनला मी नवी वही काढली आणि पहिल्या पानावर लिहिलं : मावशींची रोजकीर्द. डाव्या बाजूला जमा, दाणे 55 ग्रॅम, वजनकाट्यावर मोजून. उजव्या बाजूला खर्च, म्हणजे मातीच्या डब्यातून निघेल ते. खाली शेरा : रात्री किती वेळा खाजवलं.

मावशींनी तीन दिवस दाण्यांकडे बघितलं नाही. भांड्याभोवतीची लादी मात्र पंजाने खरवडायच्या, घाण पुरतात तशी, माझ्याकडे बघत. जुन्यात थोडं थोडं नवं मिसळत जायचं असतं हे मला सांगितलं होतं. मी माझ्या हुशारीत वगळलं होतं. आठवडाभर ते केलं, आणि वहीवर एक तारीख खोडून दुसरी घातली.

या दोन महिन्यांत मला कळलं, की आपल्या भाषेतली सगळी मांजरं चुकीचं खातात. म्हणीतलं मांजर डोळे मिटून दूध पितं. मोठ्या मांजरांना बहुतेक दूध पचतच नाही. शिंकं तुटून बोक्याचं फावतं ते दह्यादुधावरच. काकूंचा प्रस्ताव वेगळा होता, “श्रावण येतोच आहे, तिलाही शाकाहारी करून बघा, अंगातली उष्णता जाईल.” काकू स्वतः कांदा-लसूणही खात नाहीत. तेवढा एक नियम मावशींना लागू आहे, कारण कांदा-लसणाने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. बाकी मांजराला शाकाहारी करता येत नाही. टॉरिन नावाचा एक पदार्थ त्यांच्या शरीराला पुरेसा बनवता येत नाही, तो मांसातूनच यावा लागतो. तो कमी पडला की डोळे जातात आणि हृदय ढिलं पडतं. 1987 साली अमेरिकेत डेव्हिसच्या संशोधकांनी दाखवून दिलं की अशा ढिल्या पडलेल्या हृदयांची मांजरं टॉरिन दिल्यावर सुधारतात. हे सगळं मी काकूंना सांगितलं. त्या म्हणाल्या, “मग निदान संकष्टीला?”

पाचव्या आठवड्यात शेऱ्याच्या रकान्यात पहिल्यांदा शून्य आलं. मग आणखी एक. मानेवर मऊ लव उगवली, आधी पांढरी, मग तिच्यात केशरी. आरामखुर्चीचा पाय रात्रीचा वाजायचा थांबला आणि त्या शांततेने मलाच जाग यायला लागली. मावशींचा स्वभावही बदलला असं हे म्हणायचे. मला तसं काही दिसलं नाही. चापटा तेवढ्याच होत्या, फक्त त्यांत चिडचिड नव्हती, तत्त्व होतं. हे त्या दिवसांत तिच्यासमोर बसून डोळे सावकाश मिटायचे आणि सावकाश उघडायचे. तसं केलं की मांजरंही तशीच पापण्या मिटून उत्तर देतात, असा एक अभ्यास इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठात झालाय, 2020 साली. मुलीने ह्यांना पाठवला होता. मावशींनी उत्तर दिलं की नाही ते नक्की सांगता येणार नाही, कारण त्या वेळी ह्यांचे डोळे मिटलेले असायचे.

सातव्या आठवड्याच्या सोमवारी रात्री ठक-ठक झालं.

मंगळवारी अकरा वेळा. बुधवारी मानेवर बाजरी.

मी वही घेऊन बसले. दाणे 55, 55, 55. लिटर तेच, पंचा धुतलेला, नवीन काही नाही. बँकेत दहा पैशांचा फरक आला तरी आम्ही रात्री आठ-आठपर्यंत बसत असू, कारण फरक पैशांचा नसतो, कुठेतरी एक नोंद खोटी असते. कामाच्या ताईंना विचारलं. त्यांनी देवाची शपथ घेतली. काकूंना विचारलं, त्या रडवेल्या झाल्या आणि म्हणाल्या, एकदा साबुदाण्याचा दाणा खाली पडला होता, पण तो तिने खाल्ला नाही. ह्यांना विचारलं. हे वर्तमानपत्र वाचत होते. “माका काय म्हायत,” वर्तमानपत्रामागून उत्तर आलं. मराठीत विचारलेल्या प्रश्नाला मालवणीत उत्तर आलं की मला तेव्हाच कळायला हवं होतं.

मासेमारी बंद होती हे खरं. पण पावसाळ्याची बेगमी म्हणून मे महिन्यात आमच्याकडे सुके बोंबील भरून ठेवलेले असतात, हे मी हिशोबात धरलंच नव्हतं. मी फळीवरून डबा काढला, ओट्यावर वर्तमानपत्र पसरलं आणि बोंबील मोजले. भरताना चाळीस होते. जूनमध्ये एकदा भाजून चटणी केली, बारा. एकदा वांग्यात घातले, दहा. शिल्लक अठरा हवे. निघाले पंधरा.

“अहो,” मी म्हटलं, “तीन बोंबील कमी आहेत.”

वर्तमानपत्र खाली आलं. आरामखुर्चीतून मावशीही बघत होत्या. उंदराला मांजर साक्ष म्हणतात. इथे मांजर सरकार पक्षाकडून उभं होतं, आणि पुरावा अंगावर घेऊन.

“दुपारी तू झोपतंस तेव्हा,” हे म्हणाले. “गॅसवर जरासो भाजून. बारीकसो तुकडो. ती बघता ना गो टक लावन.” मग थोड्या वेळाने, “माझी आवस पयलो तुकडो मांजराक घाली. मगे आमका.”

मी खूप बोलायचं ठरवलं होतं. वाक्यं तयार होती. पण आवस मध्ये आली की माझी वाक्यं उपयोगाची राहत नाहीत. आणि खरं सांगायचं तर मला मावशींचा राग आला. महाबलीपुरमच्या त्या सातव्या शतकातल्या शिल्पात एक मांजर मागच्या दोन पायांवर उभं राहून, पुढचे पंजे वर करून तपश्चर्या करतंय, पायाशी उंदीर निर्धास्त. आम्ही सहलीला गेलो होतो तेव्हा गाइडने ते मुद्दाम दाखवलं होतं. गेला दीड महिना माझ्या घरात तेच शिल्प बसलं होतं आणि मी त्याच्या उपासाची रोज कौतुकाने नोंद करत होते.

डॉक्टरीणबाईंकडे आम्ही शाळेत पालकांना बोलावल्यासारखे गेलो. मी वही पुढे केली. त्यांनी शून्यांची रांग बघितली, मग तो सोमवार बघितला, आणि हसायला लागल्या.

“काका, शेवटी मुद्दाम मासा देऊन बघा असं मी सांगणारच होते. ती टेस्ट तुम्ही करून टाकलीत. मासाच आहे.”

हे त्या क्षणी जेवढे खजील झाले तेवढेच खूश झाले. विज्ञानाच्या कामी आल्याचं ते आता पाचव्या मजल्यापर्यंत सांगतात. गोळ्या पुन्हा पंधरा दिवस, पंचाची अळूवडी पुन्हा पंधरा दिवस. उंडा ह्यांनीच धरला, आणि गोळीही ह्यांनीच घातली. सोफ्यामागे एकही सापडली नाही. मी रोज बघत होते.

नारळी पौर्णिमा झाली. कोळीण पाटी घेऊन दारात आली आणि सवयीने मांजरासाठी म्हणून डोकं-शेपटी बाजूला काढू लागली. “हिला नको,” हे म्हणाले, “हिका बाधता.” ती ह्यांच्याकडे बघतच राहिली. मासा न खाणारं मांजर आणि ते मालवणी माणसाच्या घरात, हे तिने पुढच्या इमारतीत जाऊन सांगितलं असणार.

त्या दिवशी बांगडे तळले. जेवायची जागा आता स्वयंपाकघरात, दार लावून. मी आधी जेवून बाहेर आले, हे एकटे आत ओट्याशी उभे राहून जेवत होते. मावशी दाराशी. आधी नुसत्या बसल्या. मग दाराच्या खालच्या फटीतून एक पंजा आत गेला, चाचपत राहिला. मी हॉलमधून बघत होते. आतून ताट ठेवल्याचा आवाज आला, मग नळ सुटला, साबणाने हात धुतल्यासारखा बराच वेळ. मग डब्याचं झाकण. फटीतून एक बोट बाहेर आलं, त्याच्या टोकाशी एक तपकिरी दाणा. पंजाने तो ओढून घेतला. पुन्हा बोट आलं. पुन्हा पंजा.

तिसऱ्या दाण्यानंतर बोट तिथेच थांबलं आणि त्यावर पंजा तसाच राहिला.

“लिव गो वहीत,” दारामागून आवाज आला. “तीन दाणे.”